रश्शावरचा आळ

"वहिनी, इकडं रस्सा!" असं मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. मी पातेल्यात पळी बुडवली आणि सहज गल्ल्याकडं पाहिलं, तर आमचे हे गल्ल्यावरून दिसेनासे झाले होते.

पळी हातात तशीच धरून मी बाहेर धावले. हे पडले नव्हते. दोन्ही हातांनी पोट आवळून खुर्चीवरून खाली सरकले होते आणि टेबलाच्या आडोशाला उकिडवे बसले होते. कपाळावर घाम डवरलेला. महाडच्या गाडीचे मोहिते कंडक्टर तोंडातला घास तसाच ठेवून वाकून बघत होते.

"वसंतराव, काय झालं?"

"काय नाय. किल्ली पडली. शोधतोय," हे टेबलाखालून म्हणाले.

किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, तिचा लाल गोंडा बाहेर लोंबत होता. मी हात पुढं केला तर म्हणाले, "जरा थांब. अजून सापडली नाय." तेव्हा मी ओळखलं, आजची कळ रोजच्यासारखी नाही.

तेवढ्यात आतून अक्का आल्या. त्यांनी भावाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या पळीकडं पाहिलं. पळीतून लालभडक रस्सा ठिबकत होता.

"झालं तुझं समाधान?" दुकानातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं. "जाळलंस माझ्या भावाचं पोट! त्या गडहिंग्लजच्या मिरचीनं भोक पाडलंस त्याच्या आतड्याला!"

सगळं दुकान खात होतं, ते थांबलं. कोपऱ्यातल्या एका माणसानं हातातला पाव प्लेटमध्ये ठेवला आणि प्लेट हळूच पुढं सरकवली. माझ्या रश्शाची प्लेट कुणी अर्धी टाकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि अक्कांच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

आमचं दुकान भोरला, एसटी स्टँडच्या समोर. 'शिळीमकर उपाहारगृह' सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथला रस्सा पिवळा असायचा. खोबरं भरपूर, वर गुळाचा खडा. सासरे देवमाणूस होते, पण रश्शाच्या नावाखाली ते लोकांना आमटी पाजत होते हे मी आजही म्हणेन. माझं माहेर गडहिंग्लज. आमच्याकडं संकेश्वरी मिरचीवाचून चूल पेटत नाही. मी माहेरहून मिरची मागवली, कांडपाच्या डंखावर मसाला कुटून आणला, सासऱ्यांना एक वाटी दिली. ते घामाघूम होऊन म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून हाच." त्या रश्शानं दुकानाला रांग लावली. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी गाडी दोन मिनिटं उशिरा सोडतील, पण मिसळ खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, कौसल्याअक्का. ह्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. सासूबाई ह्यांना पाळण्यात टाकूनच गेल्या, तेव्हा परकर नेसणाऱ्या अक्कांनीच ह्यांना वाढवलं. पुढं त्यांचं लग्न झालं, फार लवकर कपाळ पांढरं झालं, आणि त्या माहेरी परतल्या त्या घराच्या कारभारीण होऊनच. जेवण त्यांचं दूधभात, नाहीतर मुगाची खिचडी. माझ्या फोडणीचा वास आला की पदर नाकाला लागायचा. मी त्यांना भ्यायचे का? नाही. पण ह्यांना त्यांनी वाढवलं होतं, त्यामुळं त्यांच्यापुढं माझं तोंड निम्मंच उघडायचं. तसं ते निम्मंही पुष्कळ होतं म्हणा.

मोहिते कंडक्टरांच्या गाडीबरोबर बातमी दुपारपर्यंत महाडला पोचली. "मालकालाच सोसंना, तर आपल्याला काय सोसणार?" असं लोक बोलायला लागले. बघता बघता बाक रिकामे दिसू लागले. गावातल्या डॉक्टरांनी ह्यांना अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "पुण्याला जाऊन दुर्बीण टाकून घ्या. आत अल्सर असणार."

त्या संध्याकाळी अक्कांनी स्वयंपाकघरात पंचायत बसवली.

"दुर्बीण घालू दे," त्या म्हणाल्या. "आत मिरचीची जखम निघाली, तर तो मसाला ह्या उंबऱ्याच्या आत यायचा नाय. आण्णांचा रस्सा पुन्हा सुरू होईल, आणि चुलीपुढं मी उभी राहीन. तू नाय."

"आणि नाही निघाली तर?" मी विचारलं.

"निघणारच."

"अक्का, नाही निघाली तर काय, ते पण सांगा. असा एकतर्फी न्याय आमच्या गडहिंग्लजात तरी चालत नाही."

अक्कांनी मान उडवली. "तर मी तुझ्या रश्शाला पुन्हा नाव ठेवणार नाय. चारचौघांत चुकले म्हणीन."

"कबूल," मी म्हटलं.

"माझं पोट हाय का ग्रामपंचायत?" हे कोपऱ्यातून म्हणाले. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

पुण्यातले डॉक्टर टिल्लू म्हणजे गोरे, बुटके, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण शाळेत बसलोय असं वाटावं. त्यांनी ह्यांचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "कळ केव्हा येते? जेवल्यावर की उपाशीपोटी?"

"पहाटे. पोट रिकामं असलं की. कायतरी खाल्लं की बरं वाटतं."

"मिसळ खाल्ली तरी?"

ह्यांनी आधी अक्कांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मिसळ खाल्ली तरी," ते खालच्या आवाजात म्हणाले.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांनंतर बोलावलं. "तोवर ह्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या एकदम बंद. कळ आली तर हे पांढरं पातळ औषध घ्या. तिखट नको. आणि त्या दिवशी संपूर्ण उपाशी या. संपूर्ण म्हणजे चहासुद्धा नाही. चहा म्हणजे काही खाणं नव्हे असं मला इथं रोज कुणीतरी सांगतं."

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. ह्यांच्या घशात बधिर करायचा फवारा मारला, कुशीवर झोपवलं. "नातेवाईक बाहेर" म्हणत नर्स आम्हाला काढायला लागली तर अक्का दारातच उभ्या राहिल्या.

"मी नातेवाईक नाय. मी त्याच्या आईच्या जागी हाय. मला बघायचंय तो मसाला कुठं बसलाय ते."

टिल्लूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, या. वहिनी, तुम्हीही या. अट एकच, बोलायचं नाही."

दुर्बीण म्हणजे काळी लवचीक नळी होती, आणि जे दिसायचं ते टीव्हीवर. माणूस आतून इतका गुलाबी आणि ओला असतो हे मला ठाऊक नव्हतं. नळी घशातून खाली गेली, जठरात आली, डॉक्टरांनी हवा भरली तशा भिंती फुगल्या.  जठर ओलांडून नळी आतड्याच्या तोंडाशी आली, आणि तिथं ती होती. पांढुरक्या बुडाची, लाल कडांची, नखाएवढी जखम.

"बघ! लाल! मिरचीच ती!" अक्कांनी अट मोडली.

"मावशी, मिरची लाल असते म्हणून लाल दिसेल ते सगळं मिरची नसतं," टिल्लू मान न वळवता म्हणाले. "आता खरी गंमत बघा."

त्यांनी नळीतून एक बारीकसा चिमटा आत सारला आणि जठराच्या अस्तराचे तिळाएवढे तुकडे काढले. ते एका लहानशा पिवळ्या डबीत टाकले. ह्यांना उठवून बसवलं, आणि मग त्यांनी आम्हाला समजावलं. जठराच्या अस्तरात एक जंतू घर करतो. जिथं काही जगू नये अशा आम्लात तो मजेत जगतो. बहुतेक अल्सर त्याच्यामुळं होतात. तो त्या तुकड्यात असला तर डबीतलं पिवळं गुलाबी होतं.

"म्हणजे मिरचीनं नाही?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"मिरची जखमेला झोंबते. जखम करत नाही. मी स्वतः आमटीत साखर घालून खाणारा माणूस आहे, मला मिरचीची वकिली करायचं काही कारण नाही."

त्या माणसाच्या पाया पडावंसं मला वाटलं. डबी टेबलावर होती आणि मी तिच्यावरून नजर हलवत नव्हते. आयुष्यात दूध उतू जाऊ नये म्हणूनसुद्धा मी इतकं टक लावून बघितलेलं नाही. पण डबी पिवळीच राहिली. आम्ही बाहेर बसलो, पुन्हा आत जाऊन पाहिलं. हळदीसारखी पिवळी. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली, कपाळ चोळलं.

"जंतू दिसत नाही," ते म्हणाले. "आश्चर्य आहे. शिळीमकर, गोळ्या बंद होत्या ना?"

"होत्या," हे म्हणाले.

"संपलं मग," अक्का म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

 मी दिलेला शब्द मोडणारी नव्हे. दुसऱ्या सकाळी मसाल्याची बरणी मी स्वतः माळ्यावर चढवली आणि चुलीपासून बाजूला झाले. अक्कांनी आण्णांचा पिवळा रस्सा केला. पहिली प्लेट मोहिते कंडक्टरांना गेली. त्यांनी एक घास खाल्ला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "वहिनी, आज गोड कशाबद्दल? कुणाचं बारसं हाय काय?"

लोक हसले. मी आत गेले आणि पोत्यावर बसून रडले. मसाला गेला म्हणून रडले, आणि मी नवऱ्याचं पोट जाळलं हे आता मलाही खरं वाटायला लागलं होतं म्हणून जास्त रडले.

हे आत आले.  मग म्हणाले, "इंदू, एक सांगू? ओरडणार नाय ना?"

"सांगा."

"मी गोळ्या घेत होतो."

"कुठल्या गोळ्या?"

"त्याच. डाक्टर बंद करा म्हणाले त्या. रोज घेत होतो. एकाच्या जागी दोन."

मी डोळे पुसायचं थांबले. "का?"

"अगं, दुर्बिणीत जखम निघाली तर तुझा मसाला जाणार, असं ठरलं होतं नव्हं? मला वाटलं, गोळ्या खाऊन आतलं सगळं बरं करून ठेवावं. पाहुणे यायच्या आधी घर सारवतात तसं."

मी जवळ पडलेली पळी उचलली. एकदा मनात आलं, घालावी ह्यांच्या डोक्यात. पण मग त्यांचा तो चेहरा पाहिला. ज्या माणसाला टेबलाखाली बसून किल्ली शोधायचं सोंग नीट करता येत नाही, त्यानं माझ्यासाठी दोन आठवडे अक्कांची, माझी आणि डॉक्टरांची नजर चुकवली होती. मी पळी खाली ठेवली.

"चला," मी म्हटलं.

"कुठं?"

"पुण्याला. आता, ह्या गाडीनं."

टिल्लू इतके चिडले की त्यांचं पुणेरीपण क्षणभर बाजूला राहिलं. "अहो शिळीमकर! ती गोळी घेतली की तो जंतू दडी मारून बसतो. आम्ही चोरावर पहारा बसवला आणि तुम्ही चोराला आधी निरोप धाडलात!" मग ते खाली बसले आणि त्यांना हसू यायला लागलं. "पुन्हा दोन आठवडे. शौचाला काळी झाली किंवा चक्कर आली तर थांबायचं नाही, थेट यायचं. आणि ते गोळ्यांचं पाकीट आता कुणाकडं राहील?"

"माझ्याकडं," मी म्हटलं आणि तिथंच पदराला गाठ मारली.

ते दिवस वाईट गेले. पहाटे हे पोटाशी उशी धरून बसायचे. मी पांढरं औषध द्यायचे, कोमट दुधात भाकरी कुस्करून द्यायचे. अक्का दारात उभ्या राहून बघायच्या.

"मारतेस का त्याला? दे ना ती गोळी," एकदा त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्या घाबरल्या होत्या. "नको तुझा मसाला, नको माझा रस्सा. माझा भाऊ सुखानं निजू दे."

मला पण तेच वाटत होतं. रश्शाच्या इज्जतीपायी मी ह्यांना असं तळमळत ठेवते आहे की काय, असं मनात आलं. मी पदराची गाठ सोडली आणि गोळी पुढं केली. ह्यांनी ती माझ्या मुठीत परत बंद केली.

"आता नाय," ते म्हणाले. "एवढं सोसलंय, ते फुकट घालवू नको. एकदा बघूच, कोण हाय आत."

दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा अक्का बोलल्या नाहीत. टिल्लूंनी तुकडे काढले, डबीत टाकले. मी डोळे मिटून कुलदैवताला हाक मारली आणि उघडले, तर पिवळ्याच्या कडेला काहीतरी होत होतं. आधी मला वाटलं माझ्या डोळ्यांचा भास. मग ती कड गुलाबी झाली, गुलाबी आत सरकलं, आणि बघता बघता सगळी डबी जत्रेतल्या गुलालासारखी होऊन गेली.

"सापडला!" टिल्लू टेबलावर हात आपटून म्हणाले.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण नर्सनं दार लावून घेतलं एवढं आठवतं. ह्यांचा घसा बधिर होता, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता माझा हात धरला आणि हलवत राहिले.

पण अक्का शिळीमकरांची लेक. इतक्या सहज हार मानतील तर कसं?

"जंतू असंल," त्या म्हणाल्या. "पण आला कुठनं? त्या गडहिंग्लजच्या मिरचीतनंच आला असंल."

"मिरचीतून येत नाही, मावशी."

"कशावरनं?"

 टिल्लूंनी अक्कांकडं निरखून पाहिलं. "मावशी, तुम्ही मघापासून छातीखाली मूठ दाबून धरलीत. तुम्हालाही जळजळ होते?"

"तो गॅस हाय. लई वर्सांचा. म्हणून तर तिखट सोडलं मी."

"किती वर्षांचा?"

"लग्न व्हायच्या आधीपासनं."

"वहिनींच्या हातचा रस्सा कधी खाल्लात?"

"शिवले नाय," अक्का ताठ होऊन म्हणाल्या. "एक थेंब नाय."

"कुठली गोळी घेता?"

"मी गोळी घेत नाय. फार झालं तर खायचा सोडा."

"आज सकाळी काय खाल्लंत?"

अक्कांनी भावाकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "तो उपाशी असताना माझ्या घशाखाली काय उतरणार हाय? पाणीसुद्धा नाय घेतलं. मागल्या वेळीबी नाय घेतलं."

हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांनी मान खाली घातली.

टिल्लू उभे राहिले. "तर मग बघा. मिरचीचा थेंबही कधी न गेलेल्या पोटात तोच जंतू निघाला, तर मिरची निर्दोष. आणि इतक्या वर्षांच्या जळजळीला एकदा आत बघायलाच हवं. घालू दुर्बीण?"

ह्यांना बोलता येत नव्हतं, पण ते हातांनी 'अक्का, नको नको' करायला लागले. अक्कांनी त्यांचा हात बाजूला सारला.

"तू दोनदा गिळलीस. मी एकदा नाय गिळणार? घाला हो डाक्टर."

त्या कुशीवर झोपल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हूं की चूं केलं नाही. टीव्हीवर त्यांचं जठर दिसलं. जखम नव्हती, पण अस्तर सुजून ठिकठिकाणी लालसर झालेलं होतं. टिल्लूंनी तुकडे घेतले, नवी डबी उघडली. अक्का उठून बसल्या, तोंड पुसलं आणि स्वतः डबीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

ह्या वेळी वाट बघावीच लागली नाही. अक्कांच्या डोळ्यांदेखत पिवळं गुलाबी होत गेलं.

"लहानपणी दोघं एकाच घरात वाढलात?" टिल्लूंनी विचारलं. "एका ताटात जेवायचात?"

"एका ताटात काय," अक्का डबीकडं बघतच म्हणाल्या. त्यांचा घसा अजून जड होता, शब्द अडखळत येत होते. "त्याला दात नव्हते. आई नव्हती. भाकरी चावून बारीक करायची नि त्याच्या तोंडात घालायची मी."  मग वळून त्यांनी भावाकडं पाहिलं. "म्हंजी... माझ्याच तोंडातनं गेला व्हय त्याला?"



"ते मला सांगता येणार नाही, मावशी, आणि कुणालाच येणार नाही," टिल्लू म्हणाले. शाळामास्तरचा आवाज त्यांनी आता बाजूला ठेवला होता. "तुमच्याकडून त्याला गेला असेल, नाहीतर दोघांना एकाच पाण्यातून आला असेल. हा बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. मला एवढंच ठाऊक आहे की तुम्ही तेव्हा तसं भरवलं नसतं, तर आज इथं दुर्बीण घालायला हे शिळीमकर राहिलेच नसते." मग ते माझ्याकडं वळले. "आणि वहिनी, तुम्हाला सांगायला हरकत नाही. हा पाहुणा तुमच्या सासरी तुमच्या कितीतरी आधी राहायला आला होता."

मी जिंकले होते. गडहिंग्लजच्या बाजारातली मिरची, डंखावर घेतलेले हेलपाटे, पहाटेचा धूर, सगळं जिंकलं होतं. आनंदानं मला तिथंच फुगडी घालावीशी वाटत होती. ह्या दिवसासाठी मी मनात कितीतरी वाक्यं घोटून ठेवली होती, एकेक संकेश्वरीसारखं. पण अक्का स्टुलावर बसून ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, बारक्या पोराच्या फिरवावा तसा. मी पुढं झाले आणि त्यांना पाण्याचा पेला दिला. "अजून गिळू नका, घसा बधिर आहे. नुसता हातात धरा," एवढंच मी म्हटलं.

भोरला उतरलो तेव्हा मोहित्यांची गाडी सुटायच्या बेतात होती. आम्हाला बघून ते दारातूनच ओरडले, "काय निघालं वो दुर्बिणीत?"

स्टँडवर होते नव्हते तेवढे सगळे वळले. मी घाईघाईनं म्हटलं, "जंतू निघाला. पाण्यातला. औषधानं जाणार आहे."

"थांब इंदू," अक्का म्हणाल्या. त्या दुकानाच्या पायरीवर चढल्या, पदर खोचला, आणि माझ्यावर भोक पाडल्याचा आरोप केला होता त्याच आवाजात बोलल्या. "पाण्यातला का कशातला, ते डाक्टरलाबी ठाव नाय. पण हाय तो शिळीमकरांच्या घरचा. वसंताच्या पोटात निघाला आणि माझ्याबी पोटात निघाला. हिच्या मिरचीचा त्यात काडीचा संबंध नाय. मी चारचौघांत आळ घेतला होता, चारचौघांतच सांगते, माझं चुकलं. उद्यापासनं रस्सा हिचाच!"

मोहित्यांनी उत्तर म्हणून डबल बेल मारली. मग त्यांच्या लक्षात आलं की ड्रायव्हर खरंच गाडी सोडतोय, आणि ते लोंबकळत, हात हलवत, हसत गेले. ही बातमीसुद्धा दिवस मावळायच्या आत महाडला पोचली असणार, कारण दुसऱ्या दिवशी बाकावर जागा नव्हती.

बहीण-भावांनी औषधं बरोबरच घेतली. मूठभर गोळ्या, तोंडाला कडूजहर चव. सकाळ-संध्याकाळ दोघं समोरासमोर बसून तोंडं वाकडी करायची आणि एकमेकांना "आधी तू" म्हणायची. औषधं संपून महिनाभर गेल्यावर टिल्लूंनी दोघांना पुन्हा तपासलं. जखम भरली होती. डबीतलं पिवळं ह्या वेळी पिवळंच राहिलं, आणि त्या पिवळ्याला मी हात जोडले.

"आता तिखट?" ह्यांनी विचारलं.

"बेतानं," टिल्लू म्हणाले. "आणि मला एकदा पार्सल पाठवा. साखर मी घालून घेईन."

त्यानंतरची एक सकाळ. दुकान भरलं होतं. मी रस्सा वाढत होते, तर अक्का आतून आल्या आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर मोहित्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"एक मिसळ," त्या म्हणाल्या.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी प्लेट भरली, फरसाण जास्त टाकलं आणि रस्सा जपून, चमचाभरच घातला.

"कंजूषपणा करू नको."

मी पळीभर घातला. अक्कांनी पाव मोडला, बुडवला, तोंडात घातला. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. मोहित्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला, तो त्यांनी परत ढकलला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि त्या खात होत्या. खाली मान घालून, कुणाशी न बोलता, शेवटच्या पावानं प्लेट स्वच्छ पुसेपर्यंत खात होत्या. मग त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि माझ्याकडं रोखून पाहिलं.

"इंदू."

"काय अक्का?"

"इतकी वर्षं झाली तू ह्या घरात हायस. गावाला खाऊ घातलंस, महाडच्या गाडीला खाऊ घातलंस. मला एकदा तरी जबरदस्तीनं भरवायचं नाय व्हय?"

"अहो, तुम्ही नाकाला पदर लावायचात!"

"लावायची. तू वढून काढायचा," अक्का म्हणाल्या आणि रिकामी प्लेट पुढं केली. "रस्सा आण."

मी पळी ठेवली आणि पातेलंच उचलून बाहेर नेलं.